माझा सूर लावणारे कान

मित्रांनो, मी बोलायला लागण्याआधी दोन पावलं मागे सरका बरं. हळू बोलणं मला कधी जमलंच नाही. मी एक जुनी चेनसॉ आहे. पेट्रोलवर चालणारी, साखळीला दात असलेली, लाकूड कापायची करवत. माझं वय विचाराल तर तुमच्या आजोबांना मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हाची मी. आता माझ्यासारख्या कुणी बनवत नाही, आणि माझे सुटे भागही कुठल्या दुकानात मिळत नाहीत.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. एका टेबलावर पिस्टन बसला, दुसऱ्यावर साखळी चढली, आणि शेवटच्या टेबलाशी एक चष्मेवाला बसला होता. तो प्रत्येकीला सुरू करायचा, मान तिरकी करून ऐकायचा आणि पोटाजवळचा एक छोटा स्क्रू केसभर इकडेतिकडे फिरवायचा. त्या स्क्रूची गोष्ट नीट समजून घ्या. माझ्यात पेट्रोल आणि तेल मिसळूनच घालतात, आणि त्यातलं किती आत यायचं ते तो स्क्रू ठरवतो. तो सैल असला की भरपूर येतं आणि मी घोगऱ्या आवाजात फडफडते. फार आवळला की कमी येतं आणि मी बारीक, चढ्या आवाजात किंचाळत धावते. ऐकणाऱ्याला वाटतं, काय जोर आहे! खरं तर तेव्हा माझा पिस्टन तेलावाचून कोरडा घासत असतो. तसंच चालू ठेवलं तर तो चिकटून बसतो आणि माझा खेळ खलास होतो. चष्मेवाल्याने माझा सूर बरोबर लावला आणि अंगावर खडूची खूण केली.

माझा पहिला मालक लाकूडतोड्या होता. ताडमाड उंच म्हणून सगळे त्याला शिडी म्हणत. आम्ही अकरा वर्षं एकत्र काम केलं. वादळात रस्त्यावर आडवी पडलेली झाडं आम्ही पहाटेपासून दूर करायचो, की पाववाल्याची गाडी वेळेवर निघायची. शिडी माझ्यावर खूश होता. माझा आवाज दोन टेकड्यांपलीकडे जातो, असं तो चारचौघांत सांगायचा, आणि ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

त्या काळी कान झाकायची पद्धत नव्हती. कुणी झाकलेच तर बाकीचे नाक मुरडायचे. हळूहळू शिडीची बायको त्याला हाक मारायचं सोडून खांद्याला हात लावायला लागली. मला त्याचं काहीच वाटलं नाही. मग एक दिवस मी बंद होते, शिडीच्या पायाशी ठेवलेली होते, आणि वरची अडकलेली फांदी सुटली. सोबत्याने तीनदा ओरडून सांगितलं, मागे हो म्हणून. मी ऐकलं, पाखरांनीही ऐकलं. शिडीने ऐकलं नाही. जीव वाचला, पण खांदा मोडला तो मोडलाच. मी त्याला कापलं नव्हतं, तरी त्याचे कान मीच घालवले होते. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी कोपऱ्यात पडले. टाकीतलं पेट्रोल कुणी काढलं नाही, ते आत सुकून चिकट झालं. पुढे मला भंगारवाल्याकडे टाकलं. त्याने माझा उपयोग काय केला असेल? ताडपत्री उडू नये म्हणून वर वजन! एवढ्या आवाजाच्या बाईला दगडाची नोकरी. माझ्या हवेच्या गाळणीत उंदरांनी घर केलं, तीन पिढ्या तिथे वाढल्या, आणि मी मुकाट्याने धूळ खात राहिले.

तिथून मला एका काकांनी उचललं. काका आयुष्यभर कवळ्या बनवायचं काम करत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुन्या चेनसॉ जमवायचा आणि दुरुस्त करायचा छंद धरला. इतकी वर्षं माणसांचे दात केले, आता करवतींचे करतो, असं ते सांगायचे आणि स्वतःच हसायचे. त्यांच्या गॅरेजमध्ये फळीवर आठजणी आधीच बसल्या होत्या. नववी मी.

काकांनी मला पूर्ण उघडलं. एका पुठ्ठ्यावर माझं चित्र काढलं आणि ज्या जागेचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवला, म्हणजे अदलाबदल नको. पिस्टन अडकला होता. त्यावर चार दिवस तेल मुरवलं, हातोडा काही लावला नाही. कार्बोरेटरची केसाएवढी भोकं त्यांनी दात कोरायच्या हत्यारांनी साफ केली. दोरी ओढायची माझी मूठ हरवली होती, ती त्यांनी कवळीच्या मसाल्यातून ओतली. त्यामुळे माझी मूठ हिरड्यांसारखी गुलाबी आहे. इतरजणी हसतात; हसू देत. माझ्यासाठी कुणी एवढं केलं होतं कधी?

काकूंना मात्र आमचा छंद नव्हता. त्या तीस वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. स्वयंपाकघराची खिडकी गॅरेजसमोरच, त्यामुळे आमचं सगळं गाणं त्यांच्या वाट्याला यायचं. त्या काही बोलायच्या, काका 'काय?' म्हणायचे, त्या पुन्हा बोलायच्या, काका मान डोलवून भलतंच उत्तर द्यायचे. तू पुटपुटतेस फार, अशी काकांची नेहमीची तक्रार होती.

गेल्या वर्षी फळीवरची निळी काकांच्या हातात असतानाच चिकटून बसली. पेट्रोलात भेसळ होती, असं काकांनी ठरवून टाकलं. पंपवाल्याशी भांडूनही आले. निळीला नवा सिलिंडर कुठून आणणार? ती आता नुसती बघायची राहिली आहे.

मग यंदाचा मेळावा आला. तिथे जुन्या चेनसॉ जमवणारे सगळे येतात आणि प्रत्येकजण आपली एक करवत चालवून ओंडका कापून दाखवतो. काकांनी मला निवडलं. मेळाव्याच्या दोन दिवस आधी त्यांनी मला अंगणात आणलं, कानांवर झापडं चढवली, मला सुरू केलं. मग सूर लावण्यासाठी झापडं काढून ते माझ्यावर वाकले.

आता त्यांच्या कानांचं सांगते. चाळीस वर्षं कवळ्या घासायचं मशीन त्यांच्या कानाशी किरकिरत होतं. अशा माणसाचे कान आधी बारीक आवाज सोडून देतात. जाडे आवाज बराच काळ येत राहतात. माझी घोगरी फडफड काकांना ऐकू येत होती, वरची किंचाळी नाही. त्यांना वाटलं पेट्रोल अजून जास्तच येतंय. त्यांनी स्क्रू आवळला. मग आणखी आवळला. मी तापले, आत कोरडी पडायला लागले. ओरडून सांगावं, तर मी ओरडतच होते.

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. हातांना भांड्यांचा फेस तसाच होता. त्यांनी सरळ माझं बटण बंद केलं.

"अगं, छान लागली होती की," काका म्हणाले. "तुला काय कळतं त्यातलं?"

काकू त्यांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या, तोंड दिसेल अशा. "घाबरलेल्या माणसाचा आवाज मला कळतो," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं ऐकलाय. ही तशी ओरडत होती. निळी गेली त्या दिवशी तीही तशीच ओरडत होती. प्लग काढून बघा."

काकांनी रागारागाने प्लग काढला. पोट नीट असलं की ठिणगी पाडणारा माझा हा प्लग तपकिरी असतो. तो खडूसारखा पांढरा झाला होता, म्हणजे मी आत कोरडी पडून भाजत होते. काकांनी त्यावरून अंगठा फिरवला, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग ते उलट्या बादलीवर बसले.

"बारीक आवाज येतच नाही गं मला," ते म्हणाले. "कधीपासून तेही सांगता येत नाही."

"मला माहीत आहे," काकू म्हणाल्या. "दारावरची बेल मी तीनदा बदलली. दर वेळी आधीपेक्षा जाड आवाजाची."

काकांना इतके दिवस वाटत होतं की सारखी बेल बदलायला लावून वायरमन लुबाडतोय. निळी आपल्याच हातून गेली, हे आता त्यांना कळलं. सगळ्या विकून टाकतो, ऐकू न येणाऱ्याने हा छंद करूच नये, असं ते म्हणायला लागले. पुन्हा ताडपत्री? आणि खरं सांगू, स्वतःपेक्षा मला काकांची भीती वाटली. त्यांचे हात दुसऱ्या कशात रमले नसते.

काकूंनी ते ऐकून घेतलं आणि फेसाचे हात पदराला पुसले. स्क्रू तुम्ही फिरवा, म्हणाल्या, कुठे थांबायचं ते मी सांगते.

आणि तसंच झालं. मी थंड झाल्यावर काकांनी मला पुन्हा सुरू केलं. काकू चार हात लांब डोळे मिटून उभ्या. काकूंचा पंजा उघडा असेल तोवर काका स्क्रू सैल करत गेले. मूठ मिटली की थांबले. दुसऱ्या दिवशी प्लग छान तपकिरी निघाला आणि माझा जीव भांड्यात पडला.

मेळाव्यात मी तो ओंडका असा कापला की भुसा लांब पट्ट्यांनी उडत होता. एक जुना, कुणाचं कधी कौतुक न करणारा गृहस्थ जवळ आला. कान अजून भारी आहेत हो तुमचे, म्हणाला. काकांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मला वाटलं, तेच करतील.

"माझे कान गेले," काका म्हणाले. "सूर हिने लावलाय."

आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं ते इतक्या मोठ्याने बोलले की सगळ्या मैदानाने ऐकलं. त्यांच्या वयाचे दोघं-तिघं एकदम आपल्या बुटांकडे बघायला लागले. थोड्या वेळाने त्यातला एक आपली करवत घेऊन काकूंपाशी आला. जरा ऐकता का, म्हणाला. उन्हं कलेपर्यंत काकूंनी सातजणींचे सूर लावून दिले होते.

पुढच्या महिन्यात काकांनी कानाचं यंत्र घेतलं. पहिल्याच दिवशी ते गॅरेजमध्ये आले. एकदा मला पूर्ण ऐकायचं म्हणून त्यांनी झापडं न लावताच माझी गुलाबी मूठ ओढली. काकू दारात होत्या; त्या नको म्हणेपर्यंत मी सुरूही झाले. काका दचकून मागे सरले, धडपडत त्यांनी मला बंद केलं आणि दोन्ही हात कानांवर धरून उभे राहिले.

"एवढा आवाज?" त्यांनी विचारलं. "आणि इतकी वर्षं तू हा त्या खिडकीत ऐकलास? एकदा तरी सांगायचंस."

"सांगितलं होतं," काकू म्हणाल्या. "रोज."

मित्रांनो, माझ्यासारख्या मशीनजवळ जाल तेव्हा कान झाका. कुणी हसलं तरी झाका. खुद्द मशीनच सांगते आहे, तेव्हा विश्वास ठेवा. आणि घरातलं कुणी 'काय?' म्हणून विचारलं, तर 'काही नाही' म्हणून सोडून देऊ नका. समोर जाऊन उभे राहा, आणि जे सांगायचं होतं तेच पुन्हा सांगा.