शून्य न घेणारा रकाना

“सर, बटन दबतच न्हाई. चार दिवसांपासून सांगायलेय मी.”

शिरूर अनंतपाळहून मल्लम्मा बोलत होती. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये टँकरच्या मागण्या भरायचं काम तिचं. चारही दिवस मी तिला एकच उत्तर दिलं होतं, नेट गेलं असेल. लातुरात बसून असं सांगायला काय जातं?

आज कोड उघडला आणि चूक माझीच निघाली. मी एक मूळ फॉर्म बनवून सगळ्या तालुक्यांचे फॉर्म त्यातूनच काढले होते. मूळ फॉर्ममध्ये बदल केला की सगळीकडे आपोआप उतरायचा. या हुशारीबद्दल मी स्वतःची पाठही थोपटून घेतली होती. गेल्या आठवड्यात उदगीर शहरासाठी मूळ फॉर्ममध्येच अट घातली, नळयोजना असेल तर टँकरची मागणी बंद. ती शिरूरच्या माळावरच्या वस्तीपर्यंत उतरली. तिथली नळयोजना कागदावर होती. नळ वर्षभर कोरडे होते.

अट लगेच काढली आणि मालकांना, गुरुबसप्पांना, सांगितलं.

“काढलीस न्हवं? मंग झालं,” ते म्हणाले. “उदगीर जिल्हा व्हायचं चाललंय, पंचाक्षरी. परवा नव्या जिल्ह्याचा फॉर्म दाखवायचाय. ह्याच्यातूनच काढ.”

“आप्पा, रकाने सुटे करावं म्हणतो. ज्या फॉर्मला जे लागंल तेच त्यानं घ्यावं.”

“किती दिवस?”

“पंधरा.”

ते हसले. मीही मान डोलावली आणि मल्लम्माला फोन लावला.

“दबलं, सर. पर आता मागणी कुणाची भरू? परवा घरांना कुलपं लावून गेली वस्तीतली सगळी. त्रेसष्ट माणसं.”

मी त्या वस्तीचा फॉर्म पडद्यावर उघडला.

“लोकसंख्येत शून्य घेत न्हाई, सर. एक टाकू का? एक घेतंय.”

“तिथं एक तरी माणूस हाय का?”

“न्हाई.”

शून्य न घेण्याची अटही माझीच, मूळ फॉर्ममधली. काढली असती तर शून्य सगळ्या तालुक्यांत चाललं असतं आणि एखादं भरलेलं गाव चुकून रिकामं ठरलं असतं. मी लोकसंख्येचा रकाना मूळ फॉर्ममधून सोडवला, सुटा केला, त्यात शून्य चालू केलं आणि फक्त शिरूरला जोडला. मग आप्पांना सांगितलं, बाकीचे रकानेही असेच सुटे करतो, परवा फॉर्म होणार नाही.

“दुसऱ्याला देतो मंग,” ते म्हणाले. मान वर केली नाही.

संध्याकाळी मल्लम्मानं शून्य भरलं. पडद्यावर मीच कधीतरी लिहिलेली ओळ आली: माहिती जतन झाली. धन्यवाद.