फेसाचं यंत्र

वीरेंद्रपेक्षा त्याचा उजवा हातच निपाणीत जास्त लोकांना माहीत होता. आपल्या वखारीतल्या एका हमालाला त्यानं एकदा अशी ठेवून दिली, की तो तंबाखूच्या बोदांवर, गच्च भरलेल्या पोत्यांवर, जाऊन आदळला आणि उठला तेव्हा एक दात कमी घेऊनच उठला. चिकोडी रस्त्यावर एका ट्रक ड्रायव्हरचं नाक भर दुपारी फोडलं. चुलतभाऊ श्रेयांसला तर दिवाळीच्या फराळाला घरी बोलावून मारलं. आणि दरवेळी मारून झालं, की वीरेंद्र मटकन खाली बसायचा, डोकं दोन्ही हातांत धरायचा आणि म्हणायचा, "काय करू? राग आला की हात माझा ऱ्हात न्हाय. आपसूक उठतोय. मला कळतच न्हाय."

हे वाक्य मोठं कामाचं होतं. मारलं ते हातानं, आणि वीरेंद्र तर त्या वेळी तिथं नव्हताच! त्यामुळे मार खाल्लेल्यावरच त्याची समजूत काढायची पाळी यायची. कुणीतरी पाणी आणून द्यायचं, ते वीरेंद्रला.

मग एक दिवस तो फोनवर कुणाशी तरी तणतणत असताना बायको सोनल मध्येच काही बोलली. हात उठला. तिच्या डाव्या कानाचा पडदा फाटला. वीरेंद्र खाली बसला, डोकं धरलं, ठरलेलं वाक्य म्हणाला. पण सोनलला त्या कानानं ते ऐकू आलं नाही आणि दुसऱ्या कानानं ऐकायची तिची इच्छा राहिली नव्हती. मुलीचा, दिव्याचा, हात धरून ती चिकोडीला माहेरी निघून गेली.

घर खायला उठलं तेव्हा वीरेंद्रचं धाबं दणाणलं. चातुर्मासात मुनिमहाराज गावात होते. चार लोकांदेखत त्यानं महाराजांसमोर नियम घेतला, की यापुढं कुणाही जिवावर हात उचलणार नाही. आई धोंडूबाईंच्या डोळ्यांना धार लागली. सोनल परत आली, पण उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून आधी बोलली. "माझ्यावरच असं न्हाय. कुणावरबी. एकदा जरी हात पडला, तर मी जाणार, आणि पुन्यांदा आणायला येऊ नका." वीरेंद्रनं मान हलवली. ती आत आली, पण सुटकेस तिनं उघडली नाही. दाराआड तशीच उभी ठेवली आणि लागेल तसा एकेक कपडा काढून घालू लागली. ती सुटकेस बघितली की वीरेंद्र आवाज खाली आणायचा.

आता त्या हाताला काहीतरी उद्योग हवा होता. मार खाऊनसुद्धा माया न आटलेल्या श्रेयांसनं सुचवलं, "मासं पाळ अण्णा. बघत बसलं की डोस्कं थंड ऱ्हातंय." आमच्या वीरेंद्रला लहान काही जमतच नाही. दुसरा कुणी काचेचं भांडं आणि चार सोनेरी मासे आणून गप्प बसला असता. यानं थेट समुद्रच घरात आणला. बेळगावात खाऱ्या पाण्याच्या टाक्या बसवून देणारा परशराम म्हणून एकजण होता, बेळगुंदीचा, तोंडानं भलता सैल, दर वाक्याला हसणारा. त्यानं बैठकीच्या खोलीत भिंतभर टाकी उभी केली, मीठ कालवलं, दगड रचले. खालच्या कपाटात आणखी एक लहान टाकी ठेवली आणि तिच्यात एक उभं, पारदर्शक नळकांडं बसवलं. त्याला म्हणायचं प्रोटीन स्किमर. घरात त्याचं नाव पडलं फेसाचं यंत्र.

"हे बघा अण्णा," परशराम म्हणाला, "पंप हवा आणि पाणी घुसळतोय. फेस होतोय. माशांची घाण, उरलेलं खाणं, सगळं त्या फेसाला चिकटून वर चढतंय आणि ह्या वरच्या कपात पडतंय. कप भरला की मोरीत ओतायचा, धुवायचा, परत लावायचा. आणि ही चावी. हिच्यानं आतलं पाणी वरखाली होतंय. लई वर नेलं तर नुसतं पाणीच कपात येतंय, लई खाली नेलं तर फेस चढतच न्हाय. लई नाजूक काम हाय. केसभर फिरवायची आणि हात खिशात घालून बसायचं. आज फिरवलं तर उद्या कळतंय. घाई केली की बोंबललं."

असं म्हणून तो हसला. वीरेंद्रनं खरोखरच हात खिशात घातला.

धोंडूबाईंना आधी हे पटलं नाही. "मुक्या जिवांस्नी बंदी करून ठेवलास," म्हणाल्या. मुळात त्यांचा पाण्यावरून लेकाशी जुना दावा होता. मागच्या अंगणातली विहीर वीरेंद्रनं गाडी लावायला जागा पाहिजे म्हणून बुजवली होती. लग्न होऊन आल्यापासून धोंडूबाईंनी त्या विहिरीचं पाणी सकाळ-संध्याकाळ फडक्यानं गाळलं होतं. आणि फडक्यावर जे उरेल, ती जिवाणी, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची, बादलीतून परत त्याच विहिरीत सोडली होती. वरून ओतायची नाही, जीव आपटून मरतात. बादली पाण्याला टेकवायची आणि हळूच तिरकी करायची. आता नळाचं पाणी त्या गाळत होत्याच, पण जिवाणी सोडायची कुठं? विहीर बुजली त्या दिवशी त्या जेवल्या नव्हत्या, आणि वीरेंद्रनं रागानं त्यांचं वाढलेलं ताट भिंतीवर फेकलं होतं. त्या भिंतीसमोरच आता टाकी उभी होती. पण दिव्याबरोबर बसून त्या मासे बघू लागल्या आणि हळूहळू रमल्या. माशांच्या खाण्यात वाळवलेली कोळंबी आहे, हे डबीवर लिहिलेलं त्यांना कुणी वाचून दाखवलं नाही, ते बरंच झालं.

सुरुवातीला यंत्रानं वीरेंद्रचा जीव खाल्ला. नवं होतं, त्यामुळं बारीक बुडबुडे सुटून सगळी टाकी दुधासारखी पांढरी झाली. त्याला वाटलं, एक लाथ घालून कपाटासकट फोडून टाकावं. पण दाराआड सुटकेस दिसत होती. त्यानं चावी केसभर फिरवली, हात खिशात घातला आणि वखारीत निघून गेला. दोन-चार दिवसांनी पाणी निवळलं. फेस नळकांड्यात चढला, घट्ट झाला, आणि कपात काळ्या चहासारखं काहीतरी जमलं. वास असा, की आतडी तोंडाला यावीत. वीरेंद्र लहान पोरासारखा ओरडला, "सोनल, बघ ये! घाण वर आली!"

सोनल आली. नाकाला पदर लावून त्याच्या शेजारी उभी राहिली, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा हसली. त्या आठवड्यात सुटकेसमधले कपडे कपाटात गेले. दिव्याच्या लाडक्या नारिंगी पट्ट्यांच्या माशाचं नाव पिंट्या ठेवलं गेलं. वीरेंद्रला वाटलं, जिंकलं आपण.

आणि मग कप भरायचा थांबला.

सकाळी वीरेंद्र कपाट उघडायचा, कप रिकामा. संध्याकाळी वखारीतून यायचा, कप रिकामा. नुसता रिकामा नव्हे, लख्ख. फेस तर डोळ्यांदेखत वर चढत होता. मग घाण जाते कुठं? त्यानं चावी केसभर वर नेली. वाट बघितली. रिकामा. आणखी थोडी नेली. रिकामाच. इकडं टाकीच्या काचेवर हिरवं शेवाळ चढलं, पाण्याला वास सुटला, मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. एका सकाळी पिंट्या तळाशी आडवा दिसला. दिव्या आक्रोश करत होती. धोंडूबाईंनी मेलेल्या माशापुढं हात जोडून णमोकार म्हटला. सोनल वीरेंद्रच्या हाताकडं बघत राहिली. त्यानं तो खिशात घातला.

यंत्र खोटं आहे, हे आता त्याच्या मनानं घेतलं. दुसऱ्याच्या घरातलं जुनं, निकामी यंत्र काढून परशरामनं आपल्या गळ्यात मारलं. एकदा संशयाचं भूत बसलं की मग काय, पुरावे आपोआप जमतात. परशरामचं हसणं आठवलं. घाई करू नका म्हणत होता, म्हणजे वेळ काढत होता. आपण हात खिशात घालून बसलो आणि हा तिकडं हसत बसला!

बोलावणं गेल्यावर रविवारी दुपार कलताना परशराम आला. त्यानं कपाट उघडलं, कप बघितला, वरच्या टाकीकडं न बघताच म्हणाला, "कप रिकामा म्हंजे पाणी एकदम साफ, अण्णा! घाणच न्हाय तर येणार कुठनं?" आणि हसला.

ते चूक होतं आणि ते हसणं त्याहून चूक होतं.

पहिली चपराक बसली तेव्हा परशराम अजून हसतच होता. दुसरीला त्याचं डोकं कपाटाच्या कडेवर आपटलं आणि भुवई फाटली. "हसतोयस? माझं मासं मारलंस आणि हसतोयस?" वीरेंद्रनं त्याची गचांडी धरून त्याला उठवला आणि तोंडावर मुठी घातल्या, एकामागून एक, ज्वारीचं कणीस बडवावं तशा. परशराम "अण्णा, अण्णा, ऐका तरी" म्हणत होता. मग नुसतं "अण्णा" म्हणू लागला. मग तेही थांबलं आणि तोंडातून रक्ताचे बुडबुडे यायला लागले. तो खाली पडला तेव्हा वीरेंद्रनं बरगडीत लाथ घातली. पाइपचा उरलेला एक तुकडा कोपऱ्यात होता, तो उचलला. परशरामनं डोक्यावर घेतलेल्या हातावर तो असा बसला, की हाडाचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला.

सोनल धावत आली. तिनं मागून त्याचा दंड धरला, तर कोपराच्या फटक्यानं तिचा ओठ फुटला. दाराशी दिव्या दोन्ही कानांवर हात ठेवून उभी होती. "बाजूला व्हा!" वीरेंद्र ओरडत होता. "माझा हात आता माझा न्हाय! सांगून ठेवतोय!"

गलक्यानं धोंडूबाई देवघरातून बाहेर आल्या. दिवस मावळायच्या आत जेवण आवरायचं म्हणून त्या निघालेल्याच होत्या. जमिनीवरचा माणूस बघून त्यांनी दाराची चौकट धरली. "अरं वीरू, अरं काय केलंस हे? नियम घेतलास न्हवं तू?"

"नियम?" त्यानं कपाटात हात घालून तो रिकामा कप उपसून काढला आणि आईच्या तोंडापुढं नाचवला. "हे बघ! बघ की! एवढ्या दिसांत एकदाबी भरला न्हाय! फसवलं ह्या भडव्यानं! घाण आतच ऱ्हायली आणि मासं तडफडून मेलं!"

धोंडूबाईंनी कपाकडं बघितलं, लेकाकडं बघितलं. "भरतोय की रं," त्या म्हणाल्या. "रोज भरतोय. मी सोडतीया न्हवं परत."

"काय?"

"जिवाणी." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "गाळून वर आलेलं. ते मोरीत ओततेत व्हय? तूच एकदा ओतताना मी बघितलं, लई पाप वाटलं जिवाला. म्हणून सकाळी तू उठायच्या आत, आणि सांजंला दिवस मावळायच्या आत, मी ते परत त्या टाकीतच सोडतीया. आज तू घरात होतास, म्हणून जेवून पडलास तवाच सोडलं. वरून न्हाय ओतत. पाण्याला टेकवून, हळूच. कप फडक्यानं पुसून ठेवतीया. हीर गेल्यापास्नं मला जागाच न्हवती रं सोडायला."

यंत्र खळखळत होतं. खाली परशराम कण्हत होता.

वीरेंद्रच्या डोळ्यांपुढं सगळं एका दमात उलगडलं. लख्ख पुसलेला कप, केसभर फिरवलेली चावी, हिरवी काच, पिंट्या. त्याच्या अंगात असा जाळ उठला, की आजवर तसा कधी उठला नव्हता. हमालावर नाही, ड्रायव्हरवर नाही, सोनलवर तर नाहीच. पाइप टाकून त्यानं उजवा हात वर उचलला, मागं ताणला, पुरा. धोंडूबाईंनी डोळे घट्ट मिटले आणि ओठांतल्या ओठांत णमोकार सुरू केला.

हात तिथंच राहिला.

तो वर होता, मूठ आवळलेली होती, बोटांच्या पेरांवर परशरामचं रक्त होतं. पण हात पुढं गेला नाही. आई होती समोर. हळूहळू मूठ सुटली, हात खाली आला आणि सवयीनं खिशात गेला.

मग तो मटकन खाली बसला. डावा हात डोक्याला लावला. "काय करू?" तो म्हणाला. "राग आला की हात माझा..."

"थांबला की," सोनल म्हणाली.

त्यानं वर बघितलं. फुटलेल्या ओठावरचं रक्त तिनं पुसलं नव्हतं. ती चिडली नव्हती, रडतही नव्हती. तिला नुसतं काहीतरी कळलं होतं, आणि ते कळल्याचं भय तिच्या तोंडावर होतं.

"आत्ता थांबला. एवढ्या रागातबी थांबला. मी बघितलं."

"सोनल, ती आई हाय माझी..."

"व्हय," ती म्हणाली. "म्हणजे माझ्या कानाच्या वेळंलाबी थांबला असता."

तिनं खाली वाकून परशरामच्या धड हाताखाली आपला खांदा घातला आणि त्याला उभं केलं. दिव्याला म्हणाली, "पुढं हो, रिक्षा बघ. आधी दवाखान्यात जायचंय." दाराआडची सुटकेस आता तिथं नव्हती, कपडे कपाटात होते. ते घ्यायला ती आत गेली नाही. रक्ताचे थेंब बैठकीतून व्हरांड्यात, व्हरांड्यातून पायऱ्यांवर उमटत गेले, आणि मग फाटकाची कडी वाजली.

धोंडूबाई अजून टाकीपुढं उभ्या होत्या. कप बाजूला पडलेला, त्यामुळं यंत्राचा काळा फेस नळकांड्याच्या तोंडातून बाहेर सांडत होता आणि कपाटातून जमिनीवर ओघळत होता. "वीरू," त्या रडत म्हणाल्या, "जा की रं मागं. पाया पड तिच्या. हात आपसूक उठला म्हण."

वीरेंद्रनं तोंड उघडलं. ते वाक्य आता त्याला म्हणता येईना.