धुराची फाईल

टिप्पणी १

विषय : चंद्रप्रभाबाई, वय एकाहत्तर, यांनी दिल्लीतील द्वारकेच्या फ्लॅटमध्ये एकटे राहावे किंवा कसे.

वस्तुस्थिती : १४ मे रोजी दुपारी कुकर करपला. शिट्ट्या ऐकू आल्या नाहीत, कारण कानातले मशीन झोपताना काढले होते. धूर जिन्यापर्यंत गेला. समोरच्या हेमलताबाईंनी आधी दार वाजवले, मग त्यांच्याकडच्या किल्लीने उघडले. जीवितहानी नाही. डाळ गेली.

*

हे माझ्या सासूबाईंचं अक्षर. चौतीस वर्षं केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात फाईली लिहिल्या. त्या निवृत्त झाल्या, सवय नाही निवृत्त झाली. फ्रिज घेतला तेव्हा फाईल होती. आमच्या लग्नाचीही आहे म्हणतात. मला अजून दाखवलेली नाही.

कुकर करपला त्या संध्याकाळी अनुराग, म्हणजे त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, गाझियाबादहून तडक द्वारकेला गेला. मी मागून गेले.

"आई, बस झालं. फ्लॅट भाड्याने देऊ. तू आमच्याकडे चल."

"एक महिना दे."

"महिन्यात काय, कान परत येणारेत?"

"कान नाही येणार. धूर झाला की मला कळेल, अशी व्यवस्था येईल. नाही आली तर बॅग भरते. शब्द."

"मी परीक्षा घेणार हां. न सांगता येईन. तू झोपलेली असशील, मशीन काढलेलं. मी धूर करणार. उठलीस तर राहा."

"बिल्कुल," त्या म्हणाल्या आणि कपाटातून कोरी फाईल काढली.

खरं सांगते, त्या याव्यात असं मलाही वाटत होतं. आमची लेक मैत्रेयी दीडला शाळेतून येते, मी सहाला ऑफिसातून. मधले साडेचार तास मला रोज पोखरतात.

*

टिप्पणी २. बाजारपेठ पाहणी.

धुराचा अलार्म पुढे करून दुकानदार म्हणाला, "माताजी, ये वाला लीजिए. पूरा मोहल्ला जाग जाएगा."

सासूबाईंनी कानातलं मशीन काढून डबीत ठेवलं. काउंटरकडे पाठ केली. उजव्या हाताचं बोट तयार ठेवलं, ऐकू आलं की वर करायचं. "बजाओ."

त्याने पहिला वाजवला. गिऱ्हाइकांनी कान झाकले. दुसरा. एका बाईच्या कडेवरचं पोर रडायला लागलं. तिसरा, चौथा, पाचवा.

बोट जिथल्या तिथे.

मग त्या वळून जरा वैतागूनच म्हणाल्या, "अरे भई, शुरू तो करो!"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी पाच बोटं दाखवली आणि मान हलवली. त्यांना कळलं. मशीन कानात घालायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, एवढंच. मग पर्समधून पेन काढून तिथेच उभ्यानं लिहिलं :

"पाचपैकी शून्य. आवाज मोठा असून उपयोग नाही, तो बारीक आहे. वयाने बारीक आवाज आधी जातात. मशीन नसताना अनुराग ऐकू येतो, प्रणिता येत नाही."

प्रणिता मी. आमच्याकडे राहायला आल्या की सकाळी मशीन घालायच्या आधी चहा पिताना त्या माझ्या बोलण्यावर मान डोलवायच्या. मला वाटायचं, पटतंय.

*

टिप्पणी ३ खोडलेली आहे. तरी वाचता येते.

"गाझियाबाद तसे वाईट नाही."

*

टिप्पणी ४. निवड झाली.

कमी ऐकू येणाऱ्यांसाठीचा अलार्म ऑनलाइन मिळाला. छताला लावायचे दोन पांढरे डबे. एकाला धूर लागला की दोन्ही वाजतात, आणि उशीखाली ठेवलेली बशीएवढी चकती थरथरते. कानाचा संबंधच नाही. मला हे सुचलं नसतं. मी फार तर जास्त मोठ्या आवाजाचा शोधला असता.

लावायला इलेक्ट्रिशियन आला. तो पंख्याशेजारी भोक पाडायला निघाला.

"यहाँ सुंदर लगेगा, माताजी."

"सुंदर नहीं लगाना है. पंखा धुआँ उड़ा देगा."

"तो किचन में?"

"मिरची का तड़का लगेगा, रोज बजेगा. फिर किसी दिन मैं ही तंग आकर सेल निकाल दूँगी. मैं अपने को जानती हूँ."

एक पॅसेजमध्ये, एक झोपायच्या खोलीत. त्या स्टुलावर चढल्या आणि स्वतः पेन्सिलीने फुल्या मारल्या. मी खालून स्टूल धरलं होतं. इलेक्ट्रिशियन हळूच मला म्हणाला, "दीदी, ये पहले इंजीनियर थीं क्या?" मी हो म्हणून टाकलं.

*

टिप्पणी ५. दर सोमवारी बटण दाबणे. चकती हलते का पाहणे. महिन्यातून एकदा धूळ पुसणे.

टिप्पणी ६. बटण दाबले. चकती हलली. मैत्रेयी चकतीवर डोके ठेवून म्हणते, "आजी, मसाज!" तिला समज दिली. ऐकत नाही.

*

परीक्षा. जूनमधला शनिवार, दुपारचे तीन.

अनुरागने किल्लीने दार उघडलं. सासूबाई झोपल्या होत्या, मशीन डबीत. त्याने दहा उदबत्त्या एकदम पेटवल्या आणि पॅसेजमध्ये हात उंच केला.

मी वर पाहिलं. पांढऱ्या डब्यावर पिवळी प्लास्टिकची टोपी होती. खोक्यातून येते तशी, नवीनपणी घातलेली.

मी अनुरागकडे पाहिलं. तोही तिकडेच पाहत होता.

त्याने हात खाली घेतला नाही.

चार मिनिटं. डबा गप्प. अनुराग आत गेला आणि त्याने आईच्या खांद्याला हात लावला.

त्या उठल्या. मशीन घातलं. घड्याळ पाहिलं, उदबत्त्या पाहिल्या, बाहेर आल्या, वर पाहिलं. स्टूल ओढलं, चढल्या, टोपी काढली.

"गेल्या रविवारी धुळीची आंधी आली ना," त्या स्टुलावरूनच म्हणाल्या. "कागदावर लिहिलंय, आत धूळ जाऊ देऊ नका. टोपी खोक्यात होतीच. घातली." रिमोटला प्लास्टिक, मिक्सरला झबलं, सोफ्याला चादर, त्या घरात उघडं असं काही राहतच नाही. "सोमवारी बटण दाबलं तर चकती हलली. पण बटणाने आवाज तपासला जातो, धूर नाही. एवढं मला कळायला हवं होतं."

उतरल्या.

"नापास. अनुराग, माळ्यावरची बॅग काढ."

'पुन्हा घे' म्हणाल्या नाहीत. डोळ्यांत पाणी नाही, आवाजात धार नाही. टेबलाशी बसून लिहायला लागल्या.

*

टिप्पणी ७

"टोपी मी घातली. चूक माझी. अलार्म निर्दोष आहे. ठरल्याप्रमाणे गाझियाबादला जाण्यास तयार. आदेशार्थ सादर."

*

फाईल त्यांनी मुलासमोर सरकवली. "सही कर."

अनुरागने पेन उघडलं. बंद केलं. पुन्हा उघडलं.

"आई, टोपी मला दिसली होती. उदबत्त्या वर धरतानाच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मलाही," मी म्हणाले. जाड आवाजात. हल्ली मी त्यांच्याशी तसंच बोलते.

मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. माझी आई असती तर वर्षभर पुरवलं असतं.

"मग ते लिहा," सासूबाई म्हणाल्या. "फाईलमध्ये अर्धंच गेलं की निर्णय चुकतो."

अनुरागने लिहिलं : "परीक्षा घेणाऱ्या दोघांना टोपी दिसली होती. सांगितले नाही." खाली त्याची सही, माझी सही. पस्तिशी उलटलेली दोन माणसं, वर्गात उभं केल्यासारखी.

त्यांनी चष्मा वर करून वाचलं. "हं. म्हणजे आजची परीक्षा रद्द. दोन्ही बाजूंनी."

"मग पुन्हा घेऊ?" अनुराग म्हणाला. हे तो स्वतःहून म्हणाला.

"आत्ताच. पण मी झोपेचं सोंग नाही घेणार. खरी झोप लागेपर्यंत बसा."

दुसऱ्या डब्यावरचीही टोपी काढली. मशीन डबीत गेलं. आम्ही पॅसेजमध्ये फरशीवर पाठ टेकून बसलो. मैत्रेयी तिच्या मैत्रिणीकडे होती, नाहीतर जमलंच नसतं. चाळीस मिनिटं. मग आतून घोरणं ऐकू आलं.

"दहा लावू?" अनुराग कुजबुजला.

"तीनच लाव. सोपी नको करूस. म्हणतील, पेपर फोडला."

त्याने तीन लावल्या. हात उंच केला. माझ्या लक्षात आलं की मी श्वास रोखून धरलाय, आणि त्या उठाव्यात म्हणून धरलाय.

डबा असा किंचाळला की मी भिंतीला चिकटले. समोरचं दार उघडून हेमलताबाई हातात किल्ली घेऊन धावत आल्या. "अहो, परत डाळ?"

खोलीच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. अनवाणी, केस सुटलेले, मनगटी घड्याळ हातात. डोक्यावर दोन अलार्म कानठळ्या बसवत होते आणि त्यांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

"किती वेळ लागला?" त्यांनी विचारलं.

"पन्नास सेकंद!" अनुराग ओरडला.

"धूर दाखवल्यापासून की वाजल्यापासून?"

अनुरागने माझ्याकडे पाहिलं. मी हेमलताबाईंकडे.

"परीक्षकच कच्चे आहेत," त्या म्हणाल्या, आमच्यामधून वाट काढत गेल्या आणि एकेक खिडकी उघडत सुटल्या.

अनुरागने फाईल ओढली. लिहिलं : "राहावे." त्या मागे येऊन उभ्या राहिल्या, म्हणून खाली तारीखही टाकली.