अंगठ्याचं नख

"हा गुलाबी नको, मावशी," दीपमाला तिसऱ्यांदा म्हणाली आणि नेलपॉलिशची बाटली परत आपल्या पार्लरच्या फळीवर ठेवली.

सगुणाबाईंनी ती परत उचलली. शिकलेल्या पोरी असाच फिका रंग लावतात हे त्यांनी कुठल्याशा लग्नात पाहिलं होतं, आणि एकदा डोक्यात बसलेलं त्या सहजासहजी सोडत नसत. त्यांची मुलगी मीना खुर्चीत बसून आपल्याच हातांकडे बघत होती. साडेअकरा वाजले होते. बारा वाजता इथेच भोकरदनला, मागच्या गल्लीत मीनाच्या नंदामावशीकडे, जालन्याचे पाहुणे तिला बघायला येणार होते. मुलाचं तिथेच मस्तगडला कापडाचं दुकान होतं. मुलाच्या आईची अट एकच होती, पोरगी शेतात राबलेली नको. आमची मीना बांधावरसुद्धा गेलेली नाही, असं सगुणाबाईंनी बेधडक कळवून टाकलं होतं.

दीपमाला वाद घालत बसली नाही. तिनं मीनाच्या एका नखाला गुलाबी आणि शेजारच्या नखाला मरून रंग लावून हात उजेडात धरला. गुलाबीनं सावळा हात आणखी काळवंडला होता, मरूननं तोच हात उजळला होता. बोटं आखूड, म्हणून नखं सरळ न कापता लांबट गोल घासायची, म्हणजे बोट लांब दिसतं, हेही तिनं समजावलं. सगुणाबाई कुरकुरत का होईना, तयार झाल्या.

मग उजवा अंगठा आला. नख रुंद, जाड, मुद्दाम वाढवलेलं, कडेच्या फटीत हिरवट काळा डाग मुरलेला. मीनाच्या गावाकडच्या, हसनाबादकडच्या माणसाला हे नख ओळखायला शिकावं लागत नाही. कपाशीच्या बियाणाच्या प्लॉटवर क्रॉसिंगच्या, म्हणजे हातानं पराग लावून संकर करायच्या दिवसांत बाया याच नखानं कळी सोलतात, आतला गर्भ न दुखवता परागाचे तुरे काढून टाकतात. मीनाचा हात त्यात गावात सगळ्यांत जलद चालायचा.

"हे बारीक कापा, ताई. जल्दी," सगुणाबाई म्हणाल्या.

मीनानं अंगठा तळव्यात दडवला. आधी बाकीची नऊ करा, म्हणाली.

दीपमाला नऊ नखं घासत, रंगवत राहिली, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. माहेरी तिनंही कळ्या सोलल्या होत्या. तिला बघायला आले तेव्हा तिचंही नख असंच कापलं होतं आणि घरच्यांनी असंच खोटं सांगितलं होतं. महिनाभरात सासरी कळलं, आणि पुढची नऊ वर्षं चारचौघांत तिला खोटारडी म्हणत राहिले. सासरच्यांवरचा तिचा राग आता ओसरला होता. आपण तेव्हा गप्प बसलो, याचा मात्र अजून यायचा.

नंदामावशीचा फोन आला. पाहुण्यांच्या गाडीनं वाटेवरचं राजूर सोडून बराच वेळ झाला होता. दीपमालाला राहवलं नाही. हे लपत नाही, मावशी, असं ती हळूच बोलून गेली.

सगुणाबाई उसळल्या. "तुमचं काय जातंय? मी दहा वर्साची असल्यापासून कळ्या सोलून राह्यले. हिला सावलीत बसायला मिळालं पाहिजे. मंग खोटं तर खोटं."

बोलता बोलता त्यांनी दोन्ही हात पुढे केले होते. अंगठ्यांची नखं झिजून निम्मी उरली होती, उरलेल्या जागी घट्टा चढला होता. तिघींनाही ते एकदमच दिसलं. आठ दिवस साडी, भुवया, नखं असं सगळं चाललं होतं, आणि चहाचा ट्रे घेऊन पाहुण्यांसमोर आईच जाणार, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. दीपमालाचा हात सवयीनं बाटल्यांकडे गेला आणि तसाच मागे आला. त्या नखांना कुठला आकार देणार आणि कुठला रंग लावणार.

सगुणाबाईंनी हात पदराखाली घेतले. "मी आतच बसते," त्या शांतपणे म्हणाल्या. "माय आजारी हाये म्हनून सांगायचं. चहा नंदा देईल."

दोरीवरचे कपडे काढून आण म्हणावं, इतक्या साधेपणानं त्या हे बोलल्या.

मीनानं अंगठा बाहेर काढला. दीपमालानं कानस उचलली, तसा तिनं हात मागे घेतला.

"ते असंच राहू द्या, ताई. चहा मायच देईल. आन मी क्रॉसिंगला जाते, हे मी सांगते त्यान्ला."

"उठून जातील ते," सगुणाबाई म्हणाल्या.

"बराबर हाये. जातील."

सगुणाबाईंनी हात उगारला. मीनानं मान वळवली नाही की डोळे मिटले नाहीत. तो हात क्षणभर वर राहिला आणि खाली आला. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. पाहुणे पोचले होते.

दोघी उठल्या. दहा मिनिटं कशालाही हात लावू नको, रंग ओला आहे, असं दीपमालानं बजावलं. मीनानं मान डोलावली. पायरी उतरल्यावर सगुणाबाईंनी हात परत पदराखाली नेला, तर मीनानं तो ओढून बाहेर काढला आणि आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. मरून रंग आईच्या बोटांना लागत गेला. नऊच्या नऊ नखं बिघडली असणार. दीपमालानं हाक मारून सांगायला हवं होतं, पण ती दारात नुसती उभी राहिली.