चौथ्या बाटलीचं सोनं

"सोन्याला एकदम पाणी दाखवायचं नाही. आधी बुडाशी, जिथं कुणी बघत नाही तिथं, ओल्या कापसाचं टोक टेकव. कापूस पिवळा झाला तर हात मागे." बाबा हे इतक्या वेळा सांगत, की मी आणि दादा त्यांच्या मागे उभे राहून नुसते ओठ हलवायचो. आता जुन्या वस्तूंचं आमचं दुकान दादा बघतो, आणि मागच्या खोलीत जुन्या रंगवलेल्या बाटल्या मी साफ करते.

या चार बाटल्या सिस्टरबाईंच्या. निळी काच, पोटावर पांढरी फुलं, गळ्याभोवती सोनेरी वेल. बाईंचा अख्खा जन्म बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स म्हणून गेला. आता लेकीकडे राहायला जायचं म्हणून त्या बाटल्या विकायच्या होत्या. संग्राहक त्याच दुपारी चारला आमच्या दुकानात येणार होता आणि घेतला तर पूर्ण संचच घेणार होता. बाटल्या ठेवताना बाई हसून म्हणाल्या, दर रविवारी यांची धूळ आमचे हे झटकायचे, मला शिवू द्यायचे नाहीत. माझ्या हाताला बाळं चालायची, बाटल्या नाही.

मग जाता जाता उंबऱ्यात थांबल्या. "काही बिघडलं, तर मला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको हं."

मी शब्द दिला.

तीन बाटल्यांना कापूस लावून पाहिला. भट्टीत भाजलेलं सोनं, ढिम्म हललं नाही. चौथीला लावलाच नाही. एकाच संचातली, एकाच भट्टीतली, मग वेगळं काय निघणार? सरळ ओलं फडकं फिरवलं, आणि फडकं पिवळं झालं. अर्धी वेल गेली.

खाली जुन्या सोन्याची खूणसुद्धा नव्हती. होत्या त्या सुईनं ओढलेल्या बारीक रेघा, पानं कुठं यावीत त्याच्या. काचही नवी. मूळ बाटली कधीतरी घरातच फुटली असणार, आणि उरलेल्या तिघींकडे बघत कुणीतरी ही रंगवली होती. उरलेल्या अर्ध्या वेलीची पानं थोडी थरथरलेली, हात नवशिक्याचा. कुणाचा, ते मला विचारावं लागलं नाही.

दादानं बाटली उजेडात धरली आणि हसला. म्हणाला, चारपर्यंत वर्ख लावून टाक, तू बाईंच्या यजमानांपेक्षा सुबक काढशील. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी म्हटलं, हा संग्राहकालाही फसवण्याचा प्रकार आहे.

"मोठी हरिश्चंद्राची नात लागून गेलीस," तो म्हणाला. मग आवाज उतरवून, "संच मोडला तर तो एकही घेणार नाही. नुकसान त्या म्हातारीचं. हेच का तुझं पुण्य?"

मी कुंचला घेऊन बसले. श्वासानंसुद्धा वर्ख उडत होता. एक पान काढलं. ते त्यांच्यापेक्षा सरळ आलं. तेही पुसलं. उठून चहाचं आधण ठेवलं आणि विसरले, पातेलं कोरडं पडून करपलं. सकाळचा जप राहिला होता, म्हणून माळ घेतली, तर मणी सरकत होते आणि आकडा लागेना. देवापुढे बसून मी पानंच मोजत होते. खिडकीशी गेले, परत आले, परत गेले.

बाईंचं नुकसान होईल, हे दादाचं खरं होतं. पण त्यांच्या नवऱ्यानं कित्येक रविवार एक फुटलेली बाटली लपवली होती, आणि आता तीच बाटली मी दुसऱ्यांदा लपवायला निघाले होते. ती विकायची की जवळ ठेवायची, हे ठरवणारी मी कोण?

घड्याळात तीन वाजले. उरलेल्या वेलीला घासणार नाही अशा बेतानं बाटली मऊ कापडात गुंडाळली. पिवळं फडकंही घडी करून पिशवीत टाकलं. दादानं विचारलं, कुठं? म्हटलं, सिस्टरबाईंकडे, दोन गल्ल्या तर आहेत, चारच्या आत येते.

त्यानं दारातलं स्टूल तेवढं पायानं बाजूला सारलं. मी पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि पायरी उतरले.