फुकटच्या बसची पूजा

शहरातल्या रहिवाशांना बस फुकट झाली आणि त्याच महिन्यात तांबेमळ्याच्या थांब्यावर बस थांबायची बंद झाली. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, असं डेपोतली माणसं सांगत. भागुबाईचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. तिकीट होतं तेव्हा हाच शेखर ड्रायव्हर लांबूनच हॉर्न वाजवत यायचा, "उरका मावशी, उरका" म्हणायचा. आता बायका आणि टोपल्या दिसल्या की त्याची मान पलीकडे वळे आणि बस धुरळा उडवत निघून जाई. त्याचंही एक दुखणं होतं. टोपल्या चढवण्यात वेळ गेला, फेरी लांबली, की बोलणी तो खाणार. पैसे देणारा माणूस मागे राहिला तर तक्रार करतो, फुकटचा माणूस कोणत्या तोंडाने करणार? असा त्याचा हिशेब. भागुबाईला मात्र तो हिशेब मान्य नव्हता.

तिचा फुलांचा मळा मखमलाबादच्या पुढे, शहराच्या हद्दीच्या अगदी काठावर. मळा हद्दीत घेतला तेव्हा तिला कोणी विचारलं नव्हतं. रस्ता रुंद झाला तेव्हा विहिरीकडची चांगली काळी पट्टी त्यात गेली, तेव्हाही नाही. घरपट्टी मात्र दरसाल न चुकता दारात येई. रहिवासी व्हायला माणसाने आणखी काय करायचं असतं, ते तिला कोणीतरी समजावून सांगायला हवं होतं.

इतके दिवस मळ्यातल्या बायकांनी याच्या-त्याच्या टेम्पोत अंग चोरून जागा मिळवली. पण आज दसरा. आज ज्याच्याकडे टेम्पो त्याच्याकडे स्वतःचाच झेंडू. आणि दसऱ्याचा झेंडू दुपारपर्यंतच झेंडू असतो. त्यानंतर गाईसुद्धा त्याला कंटाळतात. पावसाळाभर निंदणी-फवारणी करून वाढवलेली फुलं गणेशवाडीच्या बाजारात वेळेवर पोचली तर पोचली. उशीर झाला तर बसायची जागा दुसरी कोणी पकडणार आणि माल परत उकिरड्यावर जाणार.

"आज तरी थांबंल गं," शेजारच्या मळ्यातली नवसाबाई म्हणाली. "सणाचा दिवस हे."

"त्याच्या मनावर सोडलं तर नाय थांबायचा," भागुबाई म्हणाली. पदर खोचून ती सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

बस आली. हॉर्न वाजला, परत वाजला, मग नुसता वाजतच राहिला. भागुबाई तसूभर हलली नाही. शेवटी करकचून ब्रेक लागले आणि बस तिच्यापुढे हातभर अंतरावर येऊन थांबली. नवसाबाईने डोळे मिटले होते, ते उघडले.

शेखरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मावशी, मरायचंय का? बाजूला व्हा!"

आता ही शिव्या देणार, असं सगळ्यांना वाटलं. शिव्या तिच्या ओठांवर आल्याही होत्या. पण तिचं लक्ष बसच्या तोंडाकडे गेलं. दसऱ्याचा दिवस, आणि बसला ना हार, ना कुंकवाचं बोट. डेपोतली पूजा साहेब आल्यावर व्हायची होती. सकाळची फेरी तशीच निघाली होती, कोरड्या कपाळाची.

भागुबाईने काखेतलं गाठोडं सोडलं. बाजारात तराजूची पूजा करायला म्हणून आणलेलं सगळं त्यात होतं. नारळ काढून तिने पुढच्या चाकाला टेकवून ठेवला, वर हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. नवसाबाईला उमगायला वेळ लागला नाही. टोपलीतला सगळ्यात मोठा हार उचलून ती काचेखाली बांधायला लागली.

"हे काय चाललंय?" कंडक्टर सहादू खाली उतरला.

"पूजा. दिसत नाय का?"

"बरं, झाली ना? नारळ उचला."

"झाली कुठं? आरती राहिलीय." भागुबाईने मांडी घातली. "आमची आरती लय मोठी असती, दादा."

सहादूने नारळाकडे हात नेला आणि अर्ध्यावरून मागे घेतला. मांडलेली पूजा दसऱ्याच्या दिवशी कोण मोडणार? शेखरला डेपोतून फोन आला, का थांबलास म्हणून. त्याने सांगितलं. पलीकडून काढ गाडी म्हणाले असावेत, कारण तो एकदम चिडला. "नारळावरून चाक नेऊ? आज? तुम्ही या आणि न्या!"

आतून इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ ओरडला, "फुकट बसायचं आणि वर ही दादागिरी! आम्हाला कामं आहेत."

भागुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमी तिकीट काढलं का, साहेब? नाय ना? मग तुमीबी फुकटच. तुमच्या दारात गाडी थांबती, आमच्या दारात नाय, येवढाच फरक. आन् ज्या रस्त्यावर गाडी हुबी हे ना, तिथं माझी मेथी यायची!"

त्यावर गृहस्थ मोबाइलमध्ये बघू लागला. बसमध्ये कोणीतरी हसलं. शेखरने कपाळाला हात लावला आणि दार उघडलं. "चढा. टोपल्यांसकट चढा. पण आरती आवरा, पाया पडतो."

बायकांनी आरती म्हटली, भराभर आणि पूर्ण. नारळ फोडून खोबऱ्याचा पहिला तुकडा भागुबाईने शेखरच्याच हातावर ठेवला. टोपल्या आत गेल्या. बस झेंडूच्या वासाने भरून गेली. नवसाबाई हसून हसून डोळे पुसत होती.

खोबरं चघळता चघळता शेखरचा राग निवळला होता. "मावशी, तुम्ही पण कमाल आहात," तो म्हणाला. "आता बघा, कुठं न थांबता सुसाट नेतो. तुमची जागा कोणी घ्यायच्या आत गणेशवाडी."

"देव भलं करो रं बाबा तुझं," नवसाबाई म्हणाली.

भागुबाईनेही सुटकेचा निःश्वास टाकला. सुसाट, न थांबता. आणखी काय पाहिजे होतं?

पाटावरचा थांबा आला. रस्त्याच्या कडेला चार-पाच माणसं उभी होती. पुढे ओळखीची अक्काबाई, तिच्या पायाशी शेवंतीची पाटी. बस लांबून दिसली तरी तिने हात केला नाही. नुसता पदर नाकाला लावला, धुरळा उडणार म्हणून, आणि तोंड फिरवून घेतलं. तिला सवय झाली होती.

ते फिरवलेलं तोंड बघून भागुबाईला लाज वाटली, अक्काबाईची नव्हे, स्वतःची.

"थांबव!"

"मावशी, तुमच्यासाठीच पळवतोय ना!"

"माझ्यासाठी पळवू नको. थांबव म्हणते ना!"

"अगं भागे, आपली जागा जाईल," नवसाबाईने तिचा हात धरला. "पावसाळाभर राबलो गं आपण. एक दिवस तरी आपलं बघ."

"माझ्या मळ्यातला माल हे, मलाबी कळतंय," भागुबाई म्हणाली. "जाऊ दे जागा."

बस थांब्याच्या बरीच पुढे जाऊन थांबली. दार उघडलं, पण कोणी धावत आलं नाही. बस बिघडली असेल असं त्या लोकांना वाटलं. मग भागुबाई खाली उतरली, मागे चालत गेली आणि अक्काबाईची पाटी तिने सरळ आपल्या डोक्यावर घेतली.

"चल."

"मला बी घेत्यात?" अक्काबाईने विचारलं.

"घेत्यात म्हंजे? त्यांच्या बापाची हे का?"

सगळी चढली. दार लागलं. गणेशवाडीतली आपली जागा आता गेलीच असणार, हे भागुबाईला पक्कं ठाऊक होतं. बाजारापर्यंत अजून बरेच थांबे होते. नवसाबाईने आपल्या शेजारी तिच्यासाठी जागा केली, पण ती बसली नाही. ड्रायव्हरच्या पाठीमागची दांडी धरून ती उभी राहिली आणि पुढचा थांबा नीट दिसायच्या आतच ओरडली, "थांबव रं!"