नऊ आणि एकशेसाठ

मित्रांनो, या जुन्या ग्लुकोमीटरकडून गोडगोड बोलण्याची आशा धरू नका. माणसांच्या रक्तातली साखर उघडी पाडण्यासाठीच मला जन्माला घातलं. आकडा मनासारखा आला तर लोक स्वतःची पाठ थोपटतात आणि नाही आला तर मला थोपटतात, हलवतात, खोटारडा म्हणतात. हे ऐकतच मी म्हातारा झालो.

एका दूरच्या देशातल्या कारखान्यात मला घडवलं. पोटात नाजूक तारा बसवल्या, पुढे काचेची खिडकी लावली आणि खिडकीच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत माझं माप छापलं: मिलिमोल. त्या देशात साखर याच मापात सांगतात.

मला विकत घेतलं एका म्हाताऱ्या इंजिनमास्तराने. उमर बोटींवर काढून तो तिथेच स्थायिक झाला होता. त्याचा धाकटा भाऊ मायदेशी चष्मे बनवायचा. दोघांनाही मधुमेह होता आणि दोघांचं लहानपणापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. म्हातारपणी भांडायला दुसरं काही उरलं नाही, म्हणून ते दर रविवारी फोनवर साखरेवरून भांडत.

"माझी नऊ," थोरला म्हणे. "तुझी?"

"एकशेसाठ."

"एकशेसाठ! अरे, माणूस आहेस की साखर कारखाना? इथले म्हातारे बघ. चालतात, मोजून खातात. तुमच्याकडे सगळाच आनंदीआनंद!"

"नऊवर माणूस जिवंत राहत नाही, दादा. थापा मारताना वयाची तरी लाज बाळग."

धाकट्याच्या देशात साखर मिलिग्रॅममध्ये सांगत. ही गोष्ट दोघांपैकी कुणी कधी कुणाला विचारली नाही. समोरचा खोटं बोलतोय, यावर मात्र दोघांचंही एकमत होतं. थोरल्याची एक लबाडी मला ठाऊक होती. चांगला आकडा आला की तोच तो रविवारी सांगे. इतर दिवशी मी पंधरा दाखवले, सोळा दाखवले, ते त्याने गिळून टाकले.

एके वर्षी तो भावाकडे राहायला आला. जाताना त्याने मला जेवणाच्या टेबलावर आपटलं. "हे घे. आमच्याकडचं मशीन. जरा खरं बघायला शीक!"

धाकट्याने मला उचललं आणि जुन्या काचांच्या डब्यांमागे कपाटात कोंबलं. एकदा उघडूनही पाहिलं नाही. माझ्यावर धूळ साचली. कौतुकाचे दिवस संपले.

मग एका दुपारी कपाट धाडकन उघडलं. धाकट्याच्या पायाच्या बोटाला नखं कापताना जखम झाली होती. ती चिघळली, ताप चढला, जीभ कोरडी पडली, चक्कर येऊ लागली. त्याच्या स्वतःच्या मशीनच्या पट्ट्या संपलेल्या. बायकोने घाईघाईने मला काढलं, माझ्याच पेटीतली पट्टी लावली, त्याचं बोट टोचलं. मी प्रामाणिकपणे सांगितलं: सतरा.

"सतरा!" ती किंचाळली. "साखर पार तळाला गेली की हो!"

मित्रांनो, माझे सतरा म्हणजे तिचे तीनशेच्या वर. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. तिने दुपारचं इन्सुलिन बाजूला ठेवलं आणि नवऱ्याला साखरेचं पाणी पाजलं. थोड्या वेळाने मी एकोणीस दाखवले.

"चढतेय! देवा, चढतेय!" म्हणत तिने आणखी एक पेला ओतला.

माझा आकडा वाढत गेला आणि माणूस विझत गेला. तो हाकेला ओ देईना, तेव्हा शेजाऱ्यांनी गाडी बोलावली आणि बायकोने मलाही पिशवीत टाकून सोबत नेलं. दवाखान्यात त्यांच्या मशीनवर साडेचारशे निघाले.

जीव वाचला, पण पायाचं बोट कापावं लागलं. बायकोने थोरल्या दिरांना फोन लावला. "भाऊजी, तुमच्या त्या मशीनने कुंकू पुसलं असतं माझं!"

"माझे नऊ, त्याचे एकशेसाठ! मग खोटारडा कोण?" थोरलाही तिकडून तडकला. शेवटी डॉक्टरीणबाईंनी मला हातात घेतलं, कोपऱ्यातलं अक्षर वाचलं आणि फोन मागून घेतला. "आजोबा, तुमच्या आकड्याला अठराने गुणा. तुमचे नऊ आणि यांचे एकशेसाठ म्हणजे जवळपास एकच."



"चष्मे बनवण्यात जन्म गेला," बायको नवऱ्याकडे बघून म्हणाली, "आणि घरातल्या मशीनवरचं वाचलं नाहीत."

आठवडाभराने थोरला विमानाने आला. खाटेशेजारी बसला. भावाच्या बांधलेल्या पायाकडे बराच वेळ बघत राहिला. मग वाकून त्याने स्वतःचा बूट काढला, मोजा काढला. त्याची दोन बोटं नव्हती.

"कधी?" धाकट्याने विचारलं.

"झाली तीन वर्षं."

"आणि मला चालायचे धडे देत होतास? थापाड्या!"

"तू हसला असतास."

"हसलो असतो! पण बोट तरी वाचलं असतं माझं!"

दोघं असे कडाडले की नर्सने थोरल्याला बाहेर व्हायला सांगितलं. तो भिंतीला धरून, एका पायावर झोकांड्या खात बूट चढवू लागला.

"त्यांना खुर्ची द्या हो," धाकटा भिंतीकडे तोंड करून गुरगुरला. "उभ्याने जमत नाही त्यांना."

तर मित्रांनो, साखर कुठल्याही देशातल्या म्हाताऱ्याला सोडत नाही. आकडा वाचाल तेव्हा त्याच्या शेजारचं मापही वाचा. घरातल्या आजी-आजोबांची पावलं रोज बघा, ते पाय लपवत असले तर जास्तच बघा. एवढंही होत नसेल, तर मेहरबानी करा, माझ्यापुढे रक्ताचा थेंबही वाया घालवू नका.